मोटरहोम की फिफ्थ व्हील? अमेरिकेत कायमचं आरव्हीत राहायला निघालेल्यांसाठी

"घर विकून आरव्हीत (म्हणजे चाकांवरच्या घरात) राहायला चाललोय" असं सांगितलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो "का गं, नोकरी गेली का?" आणि ज्याला स्वतःला खरंच निघायचंय त्याचा पहिला प्रश्न "मोटरहोम घेऊ की फिफ्थ व्हील?" पहिल्याला उत्तर द्यायचं मी आता सोडून दिलंय, दुसऱ्याचं देते. आम्ही दोघं नवराबायको, मुलगी कॉलेजला गेली आणि घर विकलं, आधी ३४ फुटी गॅसचं (इथे गॅस म्हणजे पेट्रोल) क्लास ए मोटरहोम घेतलं, ते विकून आता ३६ फुटी फिफ्थ व्हील आणि ते ओढायला ड्युअली, म्हणजे मागे चार चाकांचा पिकअप ट्रक. म्हणजे दोन्हीकडे पैसे घालवून झालेत, तुमचे थोडे वाचले तर बरं.

ज्यांना शब्दच नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन. मोटरहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत. क्लास ए म्हणजे बससारखं सपाट तोंडाचं, क्लास बी म्हणजे स्प्रिंटर, ट्रान्झिट नाहीतर प्रोमास्टर व्हॅनच्या पोटात बसवलेलं घर, आणि क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो ते. ए सगळ्यात मोठं, बी सगळ्यात छोटं आणि सी मधलं, हा क्रम कोणी लावला देव जाणे. फिफ्थ व्हीलला इंजिन नसतं. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे हुकाला लावतात तसं जे असतं ते ट्रॅव्हल ट्रेलर, फिफ्थ व्हील त्यापेक्षा वेगळं, एक्सप्रेसवेवरचे कंटेनरचे ट्रेलर आठवा, पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकलेला असतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या साधारण वर, जाडजूड हिच (जोडणी) बसवतात आणि ट्रेलरची किंगपिन, म्हणजे जाड खुंटी, त्याच्या जबड्यात अडकते. नाव घोडागाडीच्या काळातलं, पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक असायचं, चार चाकांवर हे पाचवं.

पायरी १: आधी वही, मग गाडी

डीलरकडे जाऊ नका अजून. एका वहीत पुढच्या वर्षाचे बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर कुठे असणार आणि किती वेळा घर हलवणार ते लिहा, अगदी खरं, स्वप्नातलं नाही. माझ्या मते सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे. वर्षात चाळीसेक वेळा हलणार असाल, म्हणजे दर आठवड्याला नवीन गाव, तर मोटरहोम. पंधरा-वीसच वेळा हलणार, एकेका जागी तीन-तीन आठवडे बसणार, ऑफिसचं काम करणार, तर फिफ्थ व्हील. मधे असाल तर पुढच्या पायऱ्या वाचा.

आम्ही काय केलं, तर मनात "रोज नवा डोंगर" होतं म्हणून मोटरहोम घेतलं आणि प्रत्यक्षात दोघांच्या मीटिंग सोमवार ते शुक्रवार, मग हलायचं फक्त शनिवारी, आणि तीन शनिवार हलल्यावर चौथ्या शनिवारी कोणाचीच उठायची इच्छा नाही. दुसऱ्या वर्षी मोजलं तर आम्ही १७ वेळा हललो होतो.

हलवायला किती वेळ लागतो तेही बघा. मोटरहोमला पोचल्यावर लेव्हलिंगचं (घर समपातळीत आणायचं) बटण, स्लाइड (खोलीचा सरकणारा भाग) बाहेर, वीज-पाणी-ड्रेन जोडलं की झालं, पाऊस असेल तर आतूनच अर्धं काम होतं. फिफ्थ व्हीलच्या चाकांना पाचर लावा, ट्रेलरचे टेकूचे पाय खाली घ्या, हिच सोडवा, ट्रक पुढे काढा, मग लेव्हल, मग बाकीचं, आम्हाला सरावानंतरही पाऊण तास लागतो. पण मोटरहोमच्या मागे छोटी कार ओढत असाल (आणि कायमचं राहायचं तर ती लागतेच, दूध आणायला ३४ फुटी घर घेऊन कोण जाणार) तर ती सोडा-जोडायचा वेळ धरल्यावर फरक बराच कमी होतो. डीलर हे सांगत नाहीत.

सरकारी जमिनीवर फुकट राहायचा प्लॅन असेल तर बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) बहुतेक जागी २८ दिवसांत १४ दिवस एवढीच परवानगी असते, म्हणजे तिथे हलणं तुमच्या मर्जीवर नाही. हिवाळ्यात एकाच जागी बसायचं असेल तर ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ लाँग टर्म व्हिजिटर एरिया आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, पास घेऊन.

पायरी २: वजनं. ही पायरी गाळू नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात आणि फसतात ते बहुतेक फिफ्थ व्हीलवाले. डीलर म्हणतो "हा ट्रक २०,००० पौंड ओढतो, काळजी नको". ओढतो हो, पण फिफ्थ व्हील नुसतं ओढलं जात नाही, ते ट्रकच्या पाठीवर बसतं. त्याच्या एकूण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के वजन किंगपिनवरून ट्रकवर येतं, त्याला पिन वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला हे १० ते १५ टक्के असतं.

ट्रकचा ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते लिहिलेलं असतं. तो पेलोड. ब्रोशरमधला आकडा नाही, त्याच ट्रकच्या दारावरचा. आता हिशोब, आमचाच घ्या. ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पौंड. त्याचे २२ टक्के धरा, ३,०८०. हिच १७०. आम्ही दोघं मिळून ३४० (वाटून विचारू नका). हौद्यात दुरुस्तीची अवजारं, जनरेटर, खुर्च्या २००. झाले ३,७९०. आम्ही आधी बघितलेल्या साध्या पाऊण-टनी (हे ट्रकच्या वर्गाचं नाव, खरं वजन नाही) डिझेल ट्रकच्या दारावर दोन हजार दोनशेच्या आसपास लिहिलं होतं आणि सेल्समन त्यालाच "परफेक्ट मॅच" म्हणत होता. एक-टनी, मागे चार चाकांचा ड्युअली घेतल्यावर हिशोब बसला. म्हणून ज्याला फिफ्थ व्हील हवंय त्याने आधी घर आवडून घ्यावं, त्याचं जीव्हीडब्ल्यूआर वहीत लिहावं आणि मग ट्रक शोधावा. ट्रक आधी घेतलात तर घर ट्रकच्या मापाचं घ्यावं लागतं.

आणि हिशोब करताना ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका. डीलर रिकामं वजन मोठ्या अक्षरात लिहितात, पण कायमचं राहणारा माणूस रिकामा नसतो, आपल्याकडे तर दहा किलो तांदूळ, दोन कुकर, पाटा-वरवंटा (हो, आहे, विचारू नका) आणि पाणी. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड झाले.

मोटरहोमवाल्यांनी सुटलो म्हणू नये. तुमच्या गाडीत पण एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान किती चालेल याचा, आणि काही गॅसच्या क्लास एमध्ये तो आकडा बघून धक्का बसेल, एवढं मोठं कपाट-कपाट घर आणि आत भरायला दीड-दोन हजार पौंड. आमचं तसंच होतं. डिझेल पुशर, म्हणजे इंजिन मागे असलेलं मोठं क्लास ए, त्यात जास्त भरता येतं आणि पुढे इंजिनचा आवाज पण नाही, पण किंमत तशी.

काहीही घ्या, सगळं सामान भरून एकदा ट्रकवाल्यांच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) जाऊन वजन करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर असतात, दहा मिनिटांचं काम. पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलरची चाकं वेगवेगळी मोजून कागद हातात मिळतो. आमचा पहिला कागद बघून नवऱ्याने त्याच पार्किंगमध्ये पुस्तकांचे दोन खोके दान केले.

पायरी ३: बिघडल्यावर झोपणार कुठे

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर. आर्कान्सामध्ये आमच्या मोटरहोमचा रेडिएटर गळायला लागला. टो करून एका वर्कशॉपमध्ये नेलं, ते म्हणाले पार्ट आठवड्यात येईल. आठवड्याचे झाले २३ दिवस. त्यांना दोष तरी किती देणार, पण प्रश्न असा की आमचं घर त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या कुलपात, आणि आम्ही हॉटेलात, दोन बॅगा, एक इन्स्टंट पॉट, खिडकी उघडून खिचडी. फ्रिजमधलं सगळं फेकलं. देव्हारा गाडीतच राहिला तर माझी आई फोनवर त्यावरूनच जास्त चिडली.

फिफ्थ व्हील घेतल्यावर पुढच्याच वर्षी ट्रकच्या डीईएफचा (डिझेलचा धूर साफ करणारं द्रव) सेन्सर गेला, डिझेल ट्रकचं हे नेहमीचं दुखणं. ट्रक चार दिवस गॅरेजला आणि आम्ही आमच्याच घरात, नवरा मीटिंगमध्ये, कुकर गॅसवर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे ठीक, पण पाठच दुखायला लागली तर बिऱ्हाड खाली ठेवता आलं पाहिजे.

आता दुसरी बाजू पण. फिफ्थ व्हीलचा एक्सल किंवा स्लाइड बिघडली तर ते पण वर्कशॉपमध्ये जातंच, फक्त घराच्या बऱ्याच दुरुस्त्यांना मोबाईल टेक्निशियन जागेवर येतो. आणि मोटरहोमची एक गोष्ट मला अजून आठवते, रात्री पार्किंगमध्ये काही बरं वाटलं नाही, कोणी दार ठोठावलं, तर बाहेर पाऊलही न टाकता सीटवर बसायचं आणि चालू लागायचं. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रकपर्यंत चालत जावं लागतं. एकट्या राहणाऱ्या बाईने हा मुद्दा वर घ्यावा, माझ्या मते एवढ्यावरच मोटरहोम घ्यावं.

पायरी ४: आत जाऊन एक दिवस जगून बघा

गाडी बघताना सोफ्यावर बसून "वा" म्हणू नका. आत जाऊन चपात्या लाटायचं नाटक करा. लाटायला जागा कुठे, तवा कुठे, परात कुठे. शॉवरमध्ये उभं राहा. टॉयलेटवर बसून दार लावा. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूने रात्री उठून बघा.

जागेच्या बाबतीत फिफ्थ व्हील जिंकतं, छत उंच, स्लाइड खोल, स्वयंपाकघर खऱ्या घरासारखं. पण बेडरूम बहुतेक वेळा पुढे वरच्या मजल्यावर असते आणि बाथरूम पण तिथेच, दोन-तीन पायऱ्या. सासूबाई सहा आठवडे राहायला आल्या तेव्हा त्या पायऱ्या रोज रात्री दोनदा. त्यांनी तक्रार केली नाही, तिसऱ्या दिवशी नुसतं म्हणाल्या "आधीच्या गाडीत हे नव्हतं ना गं?" आई-बाबा येणार असतील तर सीटबेल्ट पण मोजा. फिफ्थ व्हीलमध्ये चालू प्रवासात माणसं बसवायची नाहीत, बऱ्याच राज्यांत कायद्यानेच मनाई आहे आणि जिथे नाही तिथेही नको, म्हणजे ट्रकमध्ये मावतील तेवढीच. मोटरहोममध्येही सोफा मोठा दिसतो पण त्याला बेल्ट आहेत का ते उशा उचलून बघा.

मागे किचन असलेलं फिफ्थ व्हील दिसायला फार सुंदर असतं, खिडकीच खिडकी. पण ट्रेलरचं मागचं टोक एक्सलच्या मागे असल्यामुळे सगळ्यात जास्त उड्या तिथेच बसतात. आमचं तेच आहे. लुईझियानातला आय-१० हायवे संपवून पोचलो, दार उघडलं तर मिसळणाचा डबा खालच्या मॅटवर उलटा, झाकण एकीकडे, हळद फ्रिजच्या खालपर्यंत आणि मोहरी अजूनही कुठून कुठून निघते. तेव्हापासून डबा प्रवासात सिंकमध्ये, टॉवेलमध्ये गुंडाळून.

आपल्या स्वयंपाकाचं अजून एक. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजणार, म्हणून छतातला पंखा चांगला हवा, वारा बाहेर फेकणारा, आणि तो स्टोव्हच्या जवळ आहे का बघा. कुकरच्या वाफेने थंडीत खिडक्यांवर पाणी धरतं, लहानसा डीह्युमिडिफायर घ्याच. वीज ३० ॲम्पची असेल तर ३,६०० वॅट एवढंच मिळतं, एसी चालू असताना इंडक्शन आणि गीझर लावला की ब्रेकर पडणार. ५० ॲम्पच्या जोडणीत दोन लाइन येतात, एकूण १२,००० वॅट, कायमचं राहायचं तर ५० ॲम्पचीच घ्या. भारतातून आणलेला २२० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही, ११० चा घ्या. टॉयलेटला हँड स्प्रे बसवून घेता येतो, फक्त त्या पाण्याने टाकी लवकर भरते एवढं लक्षात ठेवा. काळ्या टाकीचा (टॉयलेटची) व्हॉल्व्ह नेहमी बंद ठेवायचा, भरल्यावरच सोडायचा, आणि आधी काळी मग करडी (सिंक-शॉवरच्या पाण्याची), म्हणजे करड्या पाण्याने पाइप धुतला जातो. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तिथेच साचून वाळतं. पुढचं वर्णन करत नाही.

पायरी ५: दोघांनी चालवून बघा

दोघांनी म्हणजे दोघांनी. एकालाच येत असेल आणि त्यालाच ताप आला तर?

मोटरहोमचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे असतं, त्यामुळे उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे बाहेर फिरतं आणि पेट्रोल पंपाचा पिवळा खांब घेतं. फिफ्थ व्हीलचं उलट, ट्रेलर वळणाच्या आतल्या बाजूने कापत येतो, म्हणून लांब वळण घ्यायचं. मोटरहोममागे चारी चाकांवर कार ओढत असाल, जीप रँग्लर वगैरे, तर त्या जोडीला रिव्हर्स नाही. चुकीच्या गल्लीत घुसलात की उतरून कार सोडवा, मग मागे या. फिफ्थ व्हीलला रिव्हर्स आहे, फक्त तो शिकायला आम्हाला रविवारच्या रिकाम्या चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये चार दुपार लागल्या.

फिफ्थ व्हील जोडताना एक चूक सगळे एकदा करतात. पिन जबड्यात गेली असं वाटतं, जबडा लागलेला नसतो, ट्रक पुढे घेतला की ट्रेलर धाडकन हौद्याच्या कडांवर. आमच्या ट्रकच्या दोन्ही कडांना पोचा आहे, दोन्हीकडे सारखाच, लोकांना डिझाइन वाटतं. जोडल्यावर टॉर्चने जबडा बघा, ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेलेच असू देत, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक जरासा पुढे ओढा. नाही सुटला तरच पाय वर घ्या.

रोजच्या फिरण्याचं पण बघा. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. तुम्ही म्हणाल ट्रेलर कॅम्पला सोडून ट्रकने जाऊ, पण चार दरवाजांचा आणि आठ फुटी हौद्याचा ट्रक स्वतःच २१ फुटांच्या वर जातो. मोटरहोमवाले जीप सोडवून मजेत वर, आम्ही खाली. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये शनिवारी ड्युअली लावणं हा पण वेगळाच अनुभव, मी लांब लावते आणि चालते.

लायसन्स राज्याप्रमाणे बदलतं (खालचे क्लास लायसन्सचे, मोटरहोमचे नाहीत). कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए आणि ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला नॉन-कमर्शियल क्लास बी लागतं, टेक्ससमध्ये २६,००० पौंडांवरच्या मोटरहोमला क्लास बी. तुमच्या राज्याचं वाचून घ्या, विमा क्लेमच्या वेळी हेच आधी विचारतात.

पायरी ६: पैसे, थोडक्यात

मोटरहोम अधिक कार म्हणजे दोन इंजिनं, दोन विमे. फिफ्थ व्हील अधिक ट्रक म्हणजे एकच इंजिन, आणि घर जुनं झालं तर ट्रक ठेवून घर बदलता येतं, ट्रक थकला तर उलट. यासाठी मला फिफ्थ व्हील हिशोबाला बरं वाटतं, पण ट्रक आधीच दारात उभा असलेला माणूस आणि दोन्ही नवीन घेणारा माणूस यांचं गणित एक नाही. नवीन कोरं घेऊ नका, तीन-पाच वर्षं वापरलेलं घ्या, शोरूमबाहेर काढल्याबरोबर किंमत पडते. दहा वर्षांपेक्षा जुनं मात्र काही आरव्ही पार्क घेत नाहीत.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा, बऱ्याच कंपन्या "फक्त सुट्टीच्या वापरासाठी" असं लिहितात आणि कायमचं राहताय म्हटलं की हात वर. विमा फुल-टायमर, म्हणजे कायमचं राहणाऱ्यांच्या, प्रकारचाच घ्या. काही बँका घराचा पत्ता नसेल तर कर्ज देत नाहीत, म्हणून घर विकायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पायरी ७: व्हिसा आणि पत्ता

एच-वन-बीवर असाल तर थांबा. तुमच्या एलसीएमध्ये (व्हिसासाठी कंपनीने भरलेला अर्ज) कामाची जागा लिहिलेली असते, त्या भागाच्या बाहेर राहून महिनोन्महिने लॅपटॉपवर काम करत फिरणं म्हणजे अमेंडमेंटचा, व्हिसाचा अर्ज बदलून घ्यायचा विषय, कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो, दर कॅम्पग्राउंडला नवा पत्ता होतो का वगैरे वकिलालाच विचारा. आम्ही सिटिझन झाल्यावर निघालो ते यामुळेच. कायमचा पत्ता म्हणून बहुतेक फुल-टायमर टेक्सस, फ्लोरिडा नाहीतर साउथ डकोटा घेतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत.

पायरी ८: भाड्याने घ्या, मग तपासून घ्या

क्लास सी आणि क्लास ए भाड्याने सहज मिळतात, दोन आठवडे घ्या आणि त्यात पाच दिवस ऑफिसचं काम करा, सुट्टी काढून नाही. फिफ्थ व्हील ओढायला भाड्याने फारसं कोणी देत नाही, पण कॅम्पग्राउंडवर आणून उभं करून देणारे मिळतात, तसं घ्या.

विकत घेताना स्वतंत्र इन्स्पेक्टर लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. स्वतः जायचं तर पाऊस पडून गेल्यावर जा. कपाटांच्या वरच्या कोपऱ्यात हात घालून ओल बघा, बाहेरची भिंत कुठे फुगलीय का तिरकं बघा, छतावर चढून सीलंटला भेगा आहेत का बघा. टायरवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचे पैसे किमतीतून कापून मागा.

आणि घर ताब्यात आलं की पहिल्याच दिवशी शिडी लावून त्याची खरी उंची मोजा, छतावरच्या एसीच्या टोकापर्यंत, ब्रोशरवर विश्वास न ठेवता. इंचांसकट मोठ्या अक्षरात लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. आमची चिठ्ठी "१३ फूट ४ इंच" अशी आहे, खाली नवऱ्याच्या अक्षरात "पूल दिसला की बोलणं बंद".